रथ, मोटार आणि पाठलाग

वकिलाच्या दप्तरातील एखादा जुना कागद त्याला कोठून कोठे घेऊन जाईल याचा नेम नसतो. काही वर्षांपूर्वी कलबुर्गी जिल्ह्यातील एका देवस्थानाच्या मानपानाचा वाद माझ्याकडे आला होता. जत्रेच्या दिवशी रथाच्या दोराला पहिला हात कोणत्या घराण्याने लावावयाचा, एवढाच काय तो प्रश्न. पण त्यापायी दोन पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. मूळ कागद उर्दूत होते, कारण 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यांची इंग्रजी भाषांतरे मागाहून झालेली. त्या भाषांतरांत पानोपानी ‘टेंपल कार’ आणि ‘कार फेस्टिव्हल’ असे शब्द होते. माझ्या हाताखाली नुकताच दाखल झालेला एक तरुण वकील ती पाने चाळून गंभीर मुद्रेने म्हणाला, “साहेब, देवाची कार नेमकी कोणत्या कंपनीची, याचा उल्लेख कागदांत कोठेच नाही.”

आम्ही सारे मनमुराद हसलो. पण मागाहून माझ्या ध्यानात आले की चूक त्या मुलाची नव्हती. इंग्रजांनी आपल्या देवांच्या रथांना ‘कार’ म्हटले ते मोटारीचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी. पुढे मोटार आली, ती त्या शब्दात भाडेकरू म्हणून शिरली आणि पाहता पाहता मालक होऊन बसली. भाडेकरूंचे दावे चालविणाऱ्या माणसास याचे नवल वाटण्याचे कारण नाही! तथापि रथ आणि मोटार यांचे हे एका शब्दाखालचे बिऱ्हाड पुढे कित्येक दिवस माझ्या मनात घोळत राहिले. जुन्या मोटारींविषयी आणि जुन्या चित्रपटांतील मोटारींच्या पाठलागांविषयी हल्ली जे स्मरणरंजन चालते, त्याचा हिशोब मांडून पाहावा असे वाटले, तो या निमित्ताने.

प्रथम पाठलागाविषयी. पाठलागाची गोडी आपल्याला चित्रपटाने लावली असे समजणे बरोबर नाही. ती गोडी कीर्तनाच्या आख्यानातून आपल्या रक्तात कधीच उतरली होती. रुक्मिणीहरण हे आख्यान ज्याने देवळाच्या मंडपात बसून ऐकले आहे, त्याला पाठलाग म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. कुंडिनपुराबाहेरच्या अंबिकेच्या देवळातून रुक्मिणी बाहेर पडते, श्रीकृष्ण तिला रथात घेतो, आणि मग मागे शिशुपालाचे आणि जरासंधाचे सैन्य, त्याच्याही पुढे, बहिणीला परत आणल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघालेला रुक्मी! नाथांनी 1571 मध्ये काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ रचले, तेव्हापासून मराठी श्रोता या रथामागे धावत आला आहे. शेवट त्याला पाठ असतो. रुक्मीचे केस अर्धवट भादरले जाणार हेही त्याला ठाऊक असते. तरीदेखील बुवांनी घोड्यांच्या टापा तोंडाने वाजविल्या की पुढे बसलेली पोरे उठून उभी राहतात. पळणारा आपला आहे, मागे लागणारा बलवान आहे, आणि मधले अंतर कमी होत चालले आहे. एवढ्या तीन गोष्टींवर जगातील सर्व पाठलाग उभे आहेत. पुढे रथाच्या जागी मोटार आली, इतकेच.

आता मोटारीकडे वळू. बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतील सामान्य माणसाने मोटार पहिल्याने पाहिली ती रस्त्याच्या कडेला उभे राहून, तोंडावर धोतराचा सोगा धरून. मोटार सरकारी अंमलदाराची, जहागीरदाराची किंवा पाहुण्या साहेबाची असावयाची. ती गेली की धूळ आपली. या मोटारींच्या शिखरावर हैदराबादेत एक विलक्षण वाहन होते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी विलायतेत रोल्स-रॉईस कंपनीकडे एक ‘सिल्व्हर घोस्ट’ मागविली. तिचा सांगाडा बार्कर या नामांकित कारागिरांनी बांधला, रंग पिवळा, आणि मागच्या बाजूस, इतरांच्या आसनांहून उंच, खास निजामासाठी सिंहासनासारखी बैठक. मोटार हैदराबादेत पोहोचण्यापूर्वीच 1911 मध्ये महबूब अली खान निवर्तले आणि ती सातव्या निजामांच्या वाट्याला आली. समारंभाच्या वेळी ती बाहेर निघे आणि परत पागेत जाई. 1947 पर्यंतच्या साऱ्या आयुष्यात ती अवघी 356 मैल चालली, असे जाणकार नमूद करतात. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याची मला पुढे गरज लागणार आहे.

म्हणजे नीट पाहिले तर ती मोटार नव्हतीच. तो रथ होता. फरक इतकाच की शरणबसवेश्वरांच्या जत्रेत कलबुर्गीला जो रथ निघतो, ज्याला कानडीत तेरु म्हणतात, त्याला सारे गाव हात लावते. निजामाच्या रथाला दोर नव्हता.

सामान्यांच्या वाट्याला चाके आली ती 1932 च्या जूनमध्ये. निजाम सरकारच्या रेल्वेने आपल्याच छत्राखाली रस्ता-वाहतुकीचे खाते काढले. आरंभी 27 बसगाड्या आणि 166 नोकर. गाड्या विलायती, अल्बियन कंपनीच्या. प्रवासी वाहतूक सरकारने स्वतः चालविण्याचा हिंदुस्थानातील हा अगदी पहिल्यापैकी प्रयोग. लोकांनी त्याचे लांबलचक इंग्रजी नाव टाकून ‘आर.टी.डी.’ एवढेच ठेवले आणि ते आमच्या भागातील म्हाताऱ्यांच्या तोंडी सरकारे बदलली तरी टिकले. कायद्याच्या विद्यार्थ्याला यात एक गंमत दिसते. इतरत्र बस आणि आगगाडी एकमेकींच्या गळ्याशी लागलेल्या असताना येथे दोघी एकाच घरात नांदत होत्या, त्यामुळे स्पर्धा नव्हती. भांडण नाही, तेथे वकिलाला काय काम? असो.

याच सुमारास मुंबईत दुसरी एक घडामोड चालली होती. 1933 मध्ये वाडिया मूव्हीटोन ही संस्था निघाली आणि 1935 मध्ये होमी वाडिया यांनी ‘हंटरवाली’ पडद्यावर आणला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स ही तरुणी ‘नाडिया’ या नावाने त्यात राजकन्या झाली होती. दुष्ट प्रधानाचा सूड घेण्यासाठी ती तोंडावर बुरखा बांधून, हातात चाबूक घेऊन घोड्यावर बसते. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’ आला. या चित्रपटांना विद्वानांनी नाके मुरडली; ‘स्टंटपट’ म्हणून त्यांची जात वेगळी पाडली. परंतु बोलपटातील पाठलागाचे खरे शिक्षण आपल्या प्रेक्षकाला मिळाले ते या वर्गात. नाडियाबाईंच्या दिमतीला एक घोडा होता, त्याचे नाव ‘पंजाब का बेटा’. आणि एक लहानखुरी, पत्रे खिळखिळे झालेली ऑस्टिन मोटार होती, तिचे नाव ‘रोल्स-रॉईस की बेटी’.

या नावाजवळ मी नेहमी थबकतो. ठेवणाऱ्याने ते विनोदाने ठेवले असेल. पण निजामाच्या प्रजेतील कोणी माणूस सोलापुरास जाऊन चार आण्यांच्या बाकावर बसून हा खेळ पाहत असेल, तर त्याला काय वाटले असेल याची कल्पना करावी. रोल्स-रॉईस पागेत झाकून ठेवलेली. तिची ही गरीब लेक मात्र धुळीतून, खड्ड्यांतून, दुष्टांच्या मागे सुसाट धावते आहे! आई मिरवते, मुलगी धावते. आपण जुन्या मोटारींची आठवण काढतो तेव्हा या दोघींपैकी नेमकी कोणाची काढतो, हा माझ्या मते या साऱ्या स्मरणरंजनातील मुद्द्याचा प्रश्न आहे.

आमच्या भागात या आठवणींच्या आड आणखी एक गोष्ट येते, आणि तिला वळसा घालून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद असा जो हमरस्ता हैदराबादेस जातो, ज्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग 9 म्हणत आणि आता 65 म्हणतात, त्या रस्त्यावर 1947-48 साली खरे पाठलाग झाले. रझाकारांच्या भयाने माणसे बैलगाड्यांत पोरेबाळे घालून रात्रीच्या वेळी सोलापूरच्या हद्दीकडे निघाली. 13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे भारतीय फौजेच्या गाड्या उलट दिशेने शिरल्या. पहिल्या दिवशी नळदुर्ग, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राजेश्वर, आणि 17 तारखेच्या पहाटे बीदर. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या सैन्याची ही मुख्य आघाडी माणिकप्रभूंच्या माणिकनगराजवळूनच गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत पळणारे बदलले. जे काल भीतीचे कारण होते त्यांच्याच नव्हे, तर ज्यांचा कशाशी संबंध नव्हता अशा मुसलमान शेजाऱ्यांवरही पळण्याची पाळी आली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नोंदविले त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांच्या जोडीला बीदर आणि गुलबर्गा होते. माझ्या घरातील एक वृद्ध आत्या कीर्तनात रुक्मिणीचा रथ निघाला की मान खाली घालून बसत. लहानपणी मला त्याचे कोडे वाटे. मंडपात ऐकावयाचा पाठलाग आणि गाडीत बसून भोगलेला पाठलाग यांत काय अंतर असते, ते कळावयास वय व्हावे लागले.

1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि रस्ते तेच राहून हद्दी बदलल्या. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात. उरलेला भाग म्हैसूर राज्यात. आर.टी.डी.चीही अशीच वाटणी झाली. मराठी घरांची सोयरीक मात्र वाटणीत धरलेली नव्हती. भालकीची लेक निलंग्यास आणि औरादची सून उदगिरास, अशा एका दिवसात परराज्यात गेल्या. ‘लांबची सोयरीक’ या शब्दाला परमिटचा अर्थ आला तो तेव्हापासून. कारण हद्द ओलांडणाऱ्या भाड्याच्या गाडीला आता दुसऱ्या राज्याचा परवाना लागे.

आणि याच काळात मोटारीचे नशीबही दिल्लीत ठरत होते. येथे सोलापूरच्या एका सुपुत्राचे नाव घेतल्याविना पुढे जाता येत नाही. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डी सोटो या जातींच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. लांब नाकाच्या, रुंद छातीच्या या मोटारी ज्यांनी पाहिल्या त्यांना त्यांचा रुबाब विसरता आला नाही. सोलापूरच्या कापडगिरण्यांच्या वैभवाच्या काळात अशा गाड्या शहराच्या रस्त्यांवर दिसत, आणि वाट चुकून एखादी तुळजापूर करून हुमनाबादेपर्यंत आली तर गाव गोळा होई. वालचंद 1953 मध्ये वारले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने धोरण आखले: जे परदेशी कारखानदार सुटे भाग येथे बनविण्याचे पत्करणार नाहीत, त्यांनी नुसती जुळणी करण्याचा धंदा आवरावा. 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्ये गाशा गुंडाळला. फोर्डनेही तीच वाट धरली. राहिल्या त्या मुख्यतः फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर; आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे.

मी त्या धोरणाची टवाळी करणार नाही. ज्या देशात गंगाजळी पुरवून वापरावयाची होती, त्याने धान्याऐवजी मोटारी आणावयास नको होत्या, हे म्हणणे आजही खोडता येत नाही. पण त्याचा परिणाम नोंदविला पाहिजे. (आमच्या कोकणी वाचकांतील जुन्या मंडळींना हे सारे परके वाटेल. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल असल्याने भारताचे आयातीचे निर्बंध तेथे लागू नव्हते, आणि युरोपातील उत्तमोत्तम गाड्या म्हार्दोळ-मंगेशीच्या वाटेवर भाड्याने मिळत!)

परिणाम हा की आपण जेव्हा दीड लिटरच्या इंजिनावर आणि सुमारे पन्नास अश्वशक्तीवर सारा संसार ओढीत होतो, तेव्हा डॉज आणि पाँटियाक यांच्या मायदेशी मोटार तालमीत उतरली होती. मध्यम बांध्याच्या गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन बसवावयाचे, ही त्यातील युक्ती. 1964 ची पाँटियाक जी.टी.ओ. ही या जातीची आद्य पैलवान मानतात. तिचे इंजिन सुमारे 6.4 लिटरचे आणि ताकद 325 अश्वशक्तीची. अशा गाड्यांना तेथे ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवानी मोटारी म्हणू. यांना कीर्ती मिळवून दिली ती चित्रपटाने. 1968 च्या ‘बुलिट’मध्ये स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी फोर्ड मस्टँग आणि तिच्यापुढे काळी डॉज चार्जर यांचा सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर सुमारे अकरा मिनिटे पाठलाग चालतो. पाठलागाला खरे तोंड लागले की पार्श्वसंगीत थांबते आणि उरतो तो केवळ इंजिनांचा आवाज. या चित्रपटाच्या संकलनास ऑस्कर मिळाले. गंमत अशी की त्या चार्जरची चाकांवरील झाकणे जितकी उडून पडतात तितकी चाकेच गाडीला नाहीत, आणि एकच हिरवी फोक्सवॅगन पुनःपुन्हा मागे टाकली जाते. 1971 च्या ‘फ्रेंच कनेक्शन’मध्ये मोटार डोक्यावरून जाणाऱ्या आगगाडीचा पाठलाग करते. त्यातील काही भाग वाहत्या रस्त्यावर रीतसर परवानगी न घेता चित्रित केला, असे दिग्दर्शकानेच पुढे कबूल केले. पडद्यावरच्या थरारात वाटसरूचा जीव तारण ठेवलेला होता, हे कळल्यापासून वकील म्हणून मला तो प्रसंग निर्धास्तपणे पाहता येत नाही; आणि प्रेक्षक म्हणून पाहिल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षीच्या ‘व्हॅनिशिंग पॉइंट’मध्ये नायक पांढरी डॉज चॅलेंजर घेऊन डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघतो आणि सारी राज्यांची पोलीस त्याच्या मागे लागते. डॉज! वालचंदांनी कुर्ल्यास आणली तीच ही डॉज. ते धोरण वेगळे ठरते तर तिची ही धाकटी भावंडे हुमनाबादच्या रस्त्यावर दिसली असती काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. त्यांना पाजावयास पेट्रोल कोठून आणले असते? 1970 च्या सुमारास खुद्द अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा आणि विम्याचे चढते दर यांनी या पैलवानांची खुराकी तोडली आणि 1973 च्या तेलटंचाईने आखाडाच बंद पडला. जेमतेम दहा वर्षांचा तो खेळ. अर्धशतक झाले तरी लोक त्याचे उसासे टाकतात.

आपल्याकडे याच काळात काय होते? 1954 चा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर हिंडला. 1958 च्या ‘चलती का नाम गाडी’त तीन भावांचे गॅरेज आणि त्यांची म्हातारी मोटार यांनी देशाला हसविले. 1964 मध्ये राजा परांजपे यांनी मराठीत ‘पाठलाग’च काढला, पण त्यातील खरी झुंज कोर्टात आहे! मराठी माणसाने पाठलाग या नावाचा चित्रपट काढावा आणि तो साक्षीपुराव्याच्या वळणावर न्यावा, यात आमच्या धंद्याचा गौरव आहे की आमच्या समाजाच्या खटलेबाजीची साक्ष आहे, याचा निवाडा वाचकांनी करावा.

माझे स्वतःचे पाठलाग जत्रेच्या तंबूतले. 1980 नंतरच्या दशकाची अखेर असेल. कापडी पडद्यावर जुना हिंदी चित्रपट. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. रीळ बदलताना शेंगदाणेवाल्याचा धंदा. आमच्या शेजारी आर.टी.डी.त उमेदवारी करून पुढे म्हैसूर राज्याच्या बसखात्यातून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर चाचा बसत. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की सारा तंबू नायकाकडे पाही, आणि चाचा गाडीकडे. ते आम्हां पोरांना हलक्या आवाजात दाखवीत: नायक चाक गरगर फिरवतो आहे पण मागचा रस्ता सरळ धावतो आहे, अर्थात गाडी स्टुडिओत उभी आहे आणि रस्ता मागच्या पडद्यावर आहे, पुढून दिसली त्या गाडीचा नंबर निराळा, मागून दिसली तिचा निराळा. एकदा घाटातला प्रसंग चालला असता त्यांना राहवले नाही. मोठ्याने म्हणाले, “घाट में टॉप गेर कौन डालता रे? गाडी खाँसेगी!” तंबू हसला, पण पडद्यावरची गाडी पुढच्याच वळणावर खरोखरच बंद पडली. त्यानंतर चाचांची बाजूची जागा मिळावी म्हणून आम्ही भांडत असू. जुना पाठलाग आम्हाला रंगे तो यामुळे. गाडी बंद पडू शकते, रेडिएटर उकळू शकतो, स्टेपनीसुद्धा पंक्चर असू शकते, हे तंबूतील प्रत्येकाला स्वानुभवाने ठाऊक होते. हल्लीच्या चित्रपटांत मोटारी उंच इमारतीवरून झेपावतात आणि त्यांना ओरखडा उठत नाही. पाहताना मला कंटाळा येतो. ज्या गाडीला धाप लागत नाही तिच्या मागे कोणी लागले तरी चिंता कसली करावयाची?

आता पुन्हा दप्तराकडे. गेल्या काही वर्षांत जुन्या मोटारींचे हे प्रेम कायद्याच्या पुस्तकातही शिरले आहे. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदण्याची सोय केली. नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, मिरवणुकीसारख्या शर्यती, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आणि अट अशी की वाहन खाजगी वापराचे असावे, मूळ रूपात असावे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

हा नियम प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांनी गाणगापूरकडील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या वडिलांची एक अँबॅसडर गोठ्याच्या बाजूला पत्र्याखाली उभी आहे. गाणगापूर रोड स्टेशनावर उतरलेल्या यात्रेकरूंना दत्तमहाराजांच्या दर्शनास नेणे-आणणे, हा तिचा जन्मभराचा उद्योग. पहिले पेट्रोलचे इंजिन केव्हाच थकले; पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा वडिलांनी कलबुर्गीच्या एका उस्तादाकडून डिझेलचे बसवून घेतले. एक दरवाजा फियाटवाल्याने ठोकून बसविलेला. गृहस्थांनी वर्तमानपत्रातले कात्रण माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “वकीलसाहेब, आमच्या अण्णांची गाडी यात बसते का?”

मी त्यांना नियम वाचून दाखविला. वय बसत होते. बाकी काही बसत नव्हते. गाडी भाड्याची होती, हा पहिला दोष. इंजिन बदलले, हा दुसरा. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “इंजिन बदललं नसतं तर गाडी राहिली कशी असती?”

युक्तिवाद म्हणून याहून चांगले वाक्य मी कोर्टातही क्वचित ऐकले आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू मी समजू शकतो. मूळ वस्तू जशीच्या तशी जपावी, नकली माल शिरू नये, हे योग्यच आहे. परंतु त्या मापाने जी गाडी पागेत झाकून राहिली ती इतिहासजमा होते आणि जी आयुष्यभर लोकांना वाहत राहिली ती भंगारात जाते. आमच्या सीमाभागात मूळ इंजिनावर पन्नास वर्षे काढलेली भाड्याची गाडी मी तरी पाहिलेली नाही. येथे जे टिकले ते जोड देऊन टिकले. देवळेसुद्धा तशीच टिकली. ज्या रथाचा वाद मी चालविला त्याची चाके तीनदा बदलल्याची नोंद कागदांत आहे, आणि तो मूळ रथ नव्हे असा मुद्दा विरुद्ध बाजूच्या हाडवैऱ्यानेही कधी काढला नाही.

गृहस्थांना मी साध्या फेरनोंदणीचा मार्ग सांगितला. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाली, तीही सांगितली. ते उठता उठता मी सहज विचारले, की पौर्णिमेच्या दिवशी अण्णा स्टेशनच्या किती फेऱ्या करीत? ते म्हणाले, सहा तरी होतच; दत्तजयंतीला मोजदाद नसे. स्टेशनापासून गाणगापूर सुमारे 14 मैल. जाऊन येऊन 28. सहा फेऱ्यांचे 168 मैल. दोन पौर्णिमांचे 336. म्हणजे निजामाच्या रोल्स-रॉईसने साऱ्या आयुष्यात कापलेले 356 मैल अण्णांच्या गाडीने तिसऱ्या पौर्णिमेच्या पहिल्याच फेरीत मागे टाकले असणार.

फेरनोंदणीचे काम अद्याप पुरे झालेले नाही; एक कागद हद्दीपलीकडच्या कचेरीतून यावयाचा आहे. पण दर खंडेनवमीला त्यांचा मला फोन येतो. गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, चाकाखाली लिंबू ठेवून ते ती अंगणात आणतात. गेल्या वर्षी तिसऱ्या खेपेस सुरू झाली म्हणून सांगत होते. घरची मुले आत दाटीवाटीने बसली होती, आणि मागून शेजारची पोरे सायकलींवर तिच्या पाठीस लागली होती.